स्पॅनिशमध्ये "जपून" कसं म्हणायचं? क्वीदाते म्हटलं आणि आजी घसरल्या

पंचवटीकर_मुलगी:
वर्षभर स्पॅनिश शिकतेय. रविवारी पेरूहून आलेल्या एका आजींना रामकुंडावर घेऊन गेले होते, पाऊस नुकताच उघडलेला, पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ आणि त्या गुळगुळीत सँडल घालून भराभर उतरायला लागल्या, मी घाईत ओरडले "क्वीदाते!", डोक्यात होतं की काळजी घ्या. तर त्या पायरीवरच मागे वळल्या, विचारलं, तू निघालीस का? आणि वळतानाच पाय सरकला. शेजारच्या काकांनी दंड धरला म्हणून वाचल्या. अजून छातीत धडधडतंय. काय म्हणायला हवं होतं?

भाषावेडा_सिडको:
ताई, क्वीदाते म्हणजे स्वतःची काळजी घे, हे निरोप घेतानाही म्हणतात, म्हणून त्यांना वाटलं तू चाललीस. शिवाय ते "तू"वालं रूप आहे, आजींना क्वीदेसे. पण पाय घसरत असताना दोन्ही नको, नुसतं "क्विदादो!" ओरडायचं, त्यात तू-तुम्हीचा प्रश्नच येत नाही. वेळ असेल तर "तेंगा क्विदादो". तेंगा म्हणजे बाळगा, क्विदादो इथे नाम आहे. आपण इंग्लिशवरून "बी केअरफुल" डोक्यात ठेवून "असा, व्हा"चं क्रियापद शोधत बसतो तिथेच चुकतं. क्विदादोसो हे विशेषण आहे, पण ते जास्त करून स्वभावाबद्दल किंवा कामाबद्दल, म्हणजे नीटनेटकं, काळजीपूर्वक काम करणारा माणूस. आणि "मे तिएने सिन क्विदादो" कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ मला काही फरक पडत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पॅकहाऊस_पिंपळगाव:
आमच्याकडे द्राक्षाच्या पेट्या भरताना मुकादम दिवसभर ओरडतो "जपून ठेव रे", कारण मणी दाबला की वरचा पांढरा मेणचट थर पुसला जातो आणि माल डागी दिसतो. हे जे जपून आहे ना ते स्पॅनिशमध्ये "कोन क्विदादो", म्हणजे काम कसं करायचं ते. आणि "सांभाळून हं, पायरी आहे" याला "क्विदादो कोन एल एस्कालोन". मराठीत दोन वेगळे शब्द, तिकडे एकच, फक्त आगेमागे काय येतं ते बघायचं.

इंग्लिशचा_मास्तर:
इंग्लिशमध्येही हाच घोळ होतो. टेक केअर निरोपाला, बी केअरफुल सूचनेला, आणि वरून काही पडत असेल तर वॉच आऊट किंवा लुक आउट. नवशिक्याला लुक आउट म्हटलं की तो खिडकीबाहेर बघतो, वर्गात झालंय असं. ब्रिटिश लोक पायरी दाखवायला "माइंड द स्टेप" म्हणतात, लंडनच्या मेट्रोतलं "माइंड द गॅप" त्यातलंच. कॉशन मात्र ओल्या फरशीवरच्या पिवळ्या पाटीवर वाचायचं, तोंडाने कुणी ओरडत नाही.

पंचवटीकर_मुलगी:
खूप आभार सगळ्यांचे. आजी गुरुवारी त्र्यंबकला चाललेत, मी सोबत आहे. आता पायरी आली की "क्विदादो", आणि बसमध्ये बसवून झालं की मगच "क्वीदेसे".