पौर्णिमेचा चंद्र सपाट का दिसतो? आणि दक्षिणेचा लाल-हिरवा तारा कोणता?

कृष्णाकाठ:
सांगलीत गच्चीवरून १० बाय ५० बायनॉक्युलर वापरतोय. पौर्णिमेला चंद्राचा नुसता पांढरा गोळा दिसतो, खड्डे नाहीत. तारे पसरतात, हलतात. दक्षिणेला खाली एक तारा लाल-हिरवा लुकलुकतो, तो कोणता? मृगातला तेजोमेघ दिसेल का?

शुद्ध_अष्टमी:
पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, खड्ड्यांना सावलीच नसते. शुद्ध पंचमी ते दशमी बघा, तेही उजेड-अंधाराच्या सीमेवर. पंचमी-षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरं एका ओळीत दिसतात. नवमीच्या आसपास ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस. पौर्णिमा राखून ठेवा ती टायको विवरापासून फुटलेल्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी.

गच्चीवरचा:
तारे पसरतात ते बहुतेक फोकसमुळे. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला तारा टिंबाएवढा करा. मग डावा मिटून फक्त उजव्या भिंगाची कडी फिरवा. मधल्या चाकाला आता हात नको. तरीही ताऱ्याला शेपट्या फुटत असतील तर चष्मा घालून बघा.
१० पट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही १० पट दिसतो. मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला टोपण असेल तर ते काढा, आत ट्रायपॉडच्या जोडपट्टीचा आटा असतो. नाहीतर खाटेवर आडवं होऊन बघा.
नदीकाठी दव लवकर धरतं. ओलं भिंग पुसू नका, धूळ घासली जाऊन चरे पडतात.

यवतेश्वर_रोड:
लुकलुकणारा तारा ऐन दक्षिणेला असेल तर अगस्त्य, आग्नेयेला असेल तर उगवता व्याध. मृगाच्या बाणाची, म्हणजे मधल्या तीन ताऱ्यांची, रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो. अगस्त्य सांगलीहून जेमतेम २० अंश वर येतो, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, म्हणून रंग सांडतात. जानेवारीच्या मध्यात रात्री सव्वाअकराच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. रोज ४ मिनिटं आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यात सव्वानऊला.
तेजोमेघ नक्की दिसेल, बाणाच्या तीन ताऱ्यांखाली धुरकट ठिपका. पण अमावास्येच्या आसपास बघा, आणि आधी २० मिनिटं मोबाइल बंद. साताऱ्यात यवतेश्वराकडे चढलात तर शहराचा उजेड पूर्वेला राहतो, आणि संध्याकाळी मृगही तिकडेच असतो. जानेवारीत साडेदहापर्यंत थांबा, तोवर तो बराच वर आलेला असतो.

कृष्णाकाठ:
रेघ वाढवून बघितली, व्याध वेगळा सापडला. म्हणजे खालचा अगस्त्यच. तेजोमेघासाठी अमावास्येला गावाबाहेर जातो.