मदत हवी आहे: नॅनोव्हीएनए म्हणतो अँटेना ठीक, अँप्लिफायर लावला की एसडब्ल्यूआर चढतो

नमस्कार मंडळी, नाशिकच्या सिडकोतल्या गच्चीवर हॅम रेडिओसाठी ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकारातला तारेचा अँटेना) टांगलाय. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) टोकाशी ओपन-शॉर्ट-लोड करून नीट कॅलिब्रेट केला आणि खालून मोजलं: ७.१ मेगाहर्ट्झला साधारण ४६ ओहम, रिॲक्टन्स जवळपास शून्य. नुसत्या ५ वॅटच्या रेडिओवर एसडब्ल्यूआर मीटरही १.२ दाखवतो (१ म्हणजे काहीच परत येत नाही, आकडा चढला की जास्त शक्ती परत येते).

आता मधे घरी बांधलेला अँप्लिफायर घातला, आयआरएफ५१० मॉस्फेटची (ट्रान्झिस्टरची) जोडी, पुश-पुल (दोघे आळीपाळीने काम करतात), २४ व्होल्टवर. तोच मीटर, तीच तार, आणि काटा थेट अडीचवर! डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रोध) लावला की पुन्हा १.१. बायको विचारते, गच्चीवर नक्की काय बिघडलंय. मला वाटतं गच्चीवर काहीच नाही.

माझा संशय हार्मोनिक्सवर (७ मेगाहर्ट्झच्या दुप्पट, तिप्पट नकोशा लहरींवर) आहे. डमी लोडला १४ काय नि २१ काय, सगळं ५० ओहमच. पण या तारेला १४ मेगाहर्ट्झवर इम्पिडन्स प्रचंड, म्हणजे ते परत येणार आणि मीटर तेही मोजणार. मॉस्फेट जुळवून घेतलेले नाहीत (आळस!), लो-पास फिल्टरही (या वरच्या लहरी अडवणारा) घाईत केलेला, साधे डिस्क सिरॅमिक कपॅसिटर टाकून.

दुसरी शक्यता कोॲक्सच्या बाहेरून वाहणारा करंट. फीडपॉइंटला (केबल तारेला जोडते तिथे) चोक, म्हणजे तो करंट अडवणारी गुंडाळी, नाही.

आधी काय करू? फिल्टरच व्हीएनएवर लावून १४ आणि २१ ला किती दाबतोय ते बघू, की चोक गुंडाळू? नाशकात कोणाकडे चांगला फिल्टर तासाभरासाठी मिळेल का? चहा माझ्याकडून.

७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा)