मदत हवी आहे: मंडळीतल्या बायबल वर्गासाठी 'पांढरपेशे गुन्हे'

धागाकर्ता:
आमच्या मंडळीत मोठ्यांच्या बायबल वर्गात चार रविवार, दर वेळी पाऊण तास, पांढरपेशा गुन्ह्यांवर घ्यायचे आहेत. अफरातफर, खोटी बिलं, फसव्या गुंतवणुकी वगैरे. वर्गात बँकवाले, मुख्याध्यापक, ठेकेदार आहेत. नुसतं 'चोरी करू नको' सांगून भागणार नाही. सुरुवात यहूदाच्या थैलीपासून (योहान १२:६; येशूच्या शिष्यांची पैशांची थैली सांभाळणारा आणि त्यातले पैसे चोरणारा यहूदा) करावी म्हणतो. जाणकारांनी वचनं आणि प्रत्यक्ष उपाय सुचवावेत.

जमाखर्च:
यहूदापासून नको. 'तो वाईटच होता' म्हणून वर्ग मोकळा होतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये 'पांढरपेशे गुन्हे' ही संज्ञा मांडली ती प्रतिष्ठित माणसांसाठीच. त्यांचे विद्यार्थी डोनाल्ड क्रेसी यांनी तुरुंगातल्या अफरातफर करणाऱ्यांशी बोलून १९५३ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी आणि 'उसने घेतोय, परत ठेवीन' ही मनाची समजूत. तिसरीला अख्खा रविवार द्या. कामाच्या ठिकाणी ऐकू येणाऱ्या सबबी चिठ्ठ्यांवर निनावी लिहून घ्या आणि आमोस ८:५ समोर ठेवा: एफा (धान्याचं माप) लहान, शेकेल (तोलायचं वजन) मोठा, आणि शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) कधी संपतो याची व्यापाऱ्यांना घाई.

अन्यायी कारभाऱ्याचा दाखला (लूक १६) मात्र टाळा. धनी त्याची वाहवा का करतो, यातच पाऊण तास जातो.

दोन_चाव्या:
उपायांसाठी २ राजे १२ घ्या. योआश राजाच्या काळी याजक (मंदिरातले पुरोहित) मंदिरासाठी आलेले पैसे आपापले घेत. राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मंदिराची डागडुजी झालीच नाही. मग झाकणाला भोक पाडलेली पेटी आली आणि राजाचा चिटणीस व मुख्य याजक मिळून पैसे मोजू लागले. माणसं बदलली नाहीत, पद्धत बदलली.

आजच्या अर्पणाला तेच लावा. उपासना संपताच, थैली इमारतीबाहेर जाण्याआधी, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचं. नोटांच्या मूल्यानुसार चिठ्ठी दोन प्रतींत, दोघांच्या सह्या, एक प्रत खजिनदाराकडे न देता सचिवाकडे. रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण बँकेत. त्यातून फुलवाल्याचे किंवा विजेचे पैसे परस्पर द्यायचे नाहीत, नाहीतर चिठ्ठी आणि बँकेची पावती कधीच जुळत नाही. दर महिन्याचा बँक ताळमेळ (वही आणि बँकेचा उतारा जुळवणं) वही लिहिणाऱ्याने करू नये.

बिघडतं ते ठरलेल्या जागी: मोजणारे नवराबायको, आधीच सह्या करून ठेवलेले कोरे चेक, वर्षानुवर्षं तोच खजिनदार. ऑडिट होतंच की, असं कुणी म्हणेल. ऑडिटर व्हाउचर बघतो. पेटीतून वहीपर्यंत पोचलाच नाही तो पैसा त्याला दिसायचा कसा?

धागाकर्ता:
पण त्याच अध्यायात १५ व्या वचनात कामगारांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, ते प्रामाणिक होते, असं आहे. वर्गात कुणीतरी हे काढणारच.

दोन_चाव्या:
काढू द्या. ती सवलत मोजणी दोघांनी झाल्यानंतरची आहे. शिवाय एज्रा ८ जोडा: मंदिरासाठीचं सोनंरुपं प्रवासाआधी बारा याजकांकडे तोलून दिलं, यरुशलेमेत पुन्हा तोललं, वजन लिहून ठेवलं. त्या बारांवर संशय होता असं तिथे कुठेच नाही.

जमाखर्च:
गुंतवणुकीच्या रविवारी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातलं न्यू एरा या संस्थेचं प्रकरण घ्या. निनावी दाते तुमचे पैसे दुप्पट करतील असं सांगून ख्रिस्ती संस्थांकडून पैसे घेतले. दाते नव्हतेच, नव्याचे पैसे जुन्याला जात. १९९५ मध्ये कोसळलं, प्रमुखाला १९९७ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. एका ख्रिस्ती कॉलेजातल्या हिशेबशास्त्राच्या शिक्षकाने आधीच शंका काढली होती. वर्गाला विचारा: त्याच्या जागी तुम्ही असता तर कोणते तीन कागद मागितले असते?

चौथ्या रविवारी भरपाई: फसवून घेतलेलं चौपट परत देऊ म्हणणारा जकातदार जक्कय (लूक १९:८) आणि गणना ५:७, म्हणजे मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा परत. 'क्षमा केली, आता फिर्याद कशाला' हा वाद इथेच होऊ द्या, पण निदान वीस मिनिटं राखून ठेवा.