चर्चा: एन्क्लेव्हची पेजेस कर्नलने परस्पर बाहेर काढावीत का?

ट्रॅपगेट

माझं मत आधीच सांगतो. ईपीसी ही राखीव मेमरी भरत आली की एन्क्लेव्हची पेजेस (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) न विचारता बाहेर काढायची, ही लिनक्सची आजची पद्धत मला मान्य नाही. जागा आहे की नाही हे एन्क्लेव्ह उभा राहतानाच ठरावं. असेल तर ती शेवटपर्यंत त्याची. नसेल तर तिथल्या तिथे नकार द्यावा.

या भागाशी संबंध न आलेल्यांसाठी: इंटेलच्या एसजीएक्समध्ये एन्क्लेव्हचा, म्हणजे बाकी सॉफ्टवेअरपासून लपवून चालवलेल्या प्रोग्रॅमच्या भागाचा, कोड आणि डेटा ईपीसी नावाच्या राखीव मेमरीत राहतो. तो कर्नललाही वाचता येत नाही, पण कुठलं पेज कोणाला द्यायचं आणि कधी परत घ्यायचं हे कर्नलच ठरवतो. सुरुवातीच्या प्रोसेसरांवर बायॉस यासाठी फार तर १२८ एमबी बाजूला काढायचा आणि हार्डवेअरच्या नोंदी वजा जाता एन्क्लेव्हच्या वाट्याला साधारण ९३ एमबी यायचे. मुख्य लिनक्समध्ये हा ड्रायव्हर ५.११ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. मोकळी पेजेस कमी झाली की केएसजीएक्सडी हा थ्रेड जागा होतो आणि एका खेपेला १६ पेजेस तपासायला घेतो.

हे काढणं साध्या स्वॅपइतकं सोपं नाही. आधी ईब्लॉक, मग ईट्रॅक या प्रोसेसरच्या सूचना. एन्क्लेव्हचे थ्रेड ज्या ज्या कोअरवर चालू असतील तिथे आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला दिलेला इशारा) पाठवून त्यांना बाहेर यायला लावायचं, म्हणजे टीएलबीत (पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशमध्ये) जुनी नोंद उरत नाही. त्यानंतरच ईडब्ल्यूबी. पेज एन्क्रिप्ट होऊन साध्या मेमरीत जातं, आणि जुनी प्रत कोणी परत खपवू नये म्हणून त्याचा आवृत्ती क्रमांक व्हीए पेजमधल्या ८ बाइटच्या खान्यात ठेवावा लागतो. ते व्हीए पेज पुन्हा ईपीसीतच! एवढं करून पुढच्या क्षणी एन्क्लेव्हला तेच पेज हवं झालं, तर ईएलडीयू करून सगळं उलट दिशेने.

त्यात काढण्याजोग्या पेजेसची यादी अख्ख्या मशीनसाठी एकच. दुसऱ्या कोणाच्या एन्क्लेव्हने हाव धरली की माझी पेजेस बाहेर. मेमरी सीग्रुपची (प्रोसेसच्या गटाला घातलेली) मर्यादा ईपीसीला लागतच नाही, बाहेर काढलेल्या पेजची साध्या मेमरीतली प्रत तेवढी हिशेबात धरली जाते.

शून्यपान

पूर्ण असहमत. तुम्ही सांगता त्या पद्धतीत जो पहिला आला तो सगळं घेऊन बसेल. /डेव्ह/एसजीएक्स_एन्क्लेव्ह ही डिव्हाइस फाइल उघडायची परवानगी असलेला कुठलाही प्रोसेस पेजेस धरून ठेवेल आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला नकार मिळेल. एमलॉकवर (मेमरी जागेवर पक्की करणाऱ्या कॉलवर) मर्यादा घातलेली आहे ती याच भीतीने.

दुसरं म्हणजे, पहिल्या पिढीच्या एसजीएक्समध्ये ईइनिट झाल्यावर, म्हणजे एन्क्लेव्ह चालवायला तयार झाल्यावर, एकही पेज वाढवता येत नाही. त्यामुळे लिहिणारा माणूस सर्वांत वाईट परिस्थिती धरून हीप (चालताना लागणारी मेमरी) मागतो आणि त्यातला बराचसा कधी वापरलाच जात नाही. ती थंड पेजेस ९३ एमबीत अडकवून ठेवायची? केएसजीएक्सडी आंधळेपणाने उचलत नाही, नुकतं वापरलेलं पेज तो सोडून देतो. पेज काढणं महाग आहे हे खरं. म्हणून ते क्वचित करा. बंद कशाला?

ट्रॅपगेट

पहिल्या मुद्द्याला उत्तर सीग्रुप हेच आहे. सीग्रुपचा मिस्क कंट्रोलर ५.१३ मध्ये आला तोच मुळी एसईव्हीच्या (एएमडीच्या व्हर्च्युअल मशीन एन्क्रिप्शनच्या) एएसआयडी क्रमांकांसारख्या मोजक्या गोष्टींची वाटणी करायला. ईपीसीसाठी तशीच मर्यादा घालणारे पॅचही कर्नलच्या मेलिंग यादीवर मांडले गेले आहेत. हीपच्या मुद्द्याला उत्तर एसजीएक्स२. कर्नल ६.० पासून चालू एन्क्लेव्हमध्ये ईऑगने पेज वाढवता येतं, एन्क्लेव्ह ईअॅक्सेप्ट करून ते स्वीकारतो, आणि नको झालेलं ट्रिम करून परत करतो. गरज पडेल तशी मागायची सोय झाल्यावर भरमसाट हीप अडवून ठेवायचं कारण उरत नाही.

कडीकुलूप

तुम्ही दोघंही वेगाबद्दल बोलताय. एन्क्लेव्ह कशासाठी आहे? कर्नलवर विश्वास नाही म्हणून. आणि पेज फॉल्ट (पेज हाताशी नसलं की प्रोसेसर कर्नलकडे जातो तो प्रसंग) ही कर्नलच्या हातातली सर्वांत सोयीची चावी आहे. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की पेज टेबलमधली परवानगी काढून घ्यायची आणि फॉल्ट कुठे येतात ते बघत बसायचं, एवढ्यावर एन्क्लेव्हमधला मजकूर आणि चित्रांच्या बाह्यरेषा बाहेर काढता येतात. हार्डवेअर पत्त्याचे खालचे १२ बिट झाकतं, पण कुठलं पेज हे कळतंच.

पेजेस परस्पर काढायची मुभा इथे आड येते. आज फॉल्ट आला तर एन्क्लेव्हने काय समजायचं? मेमरीची खरी टंचाई की हल्ला? दोन्ही सारखेच दिसतात. माझी सगळी पेजेस जागेवर राहतील असा करार असेल, तर अनपेक्षित फॉल्ट म्हणजे करार मोडला, आणि एन्क्लेव्ह गुपितं पुसून थांबू शकतो. एसजीएक्स२ मध्ये ईएक्सइन्फोतून फॉल्टची नोंद एन्क्लेव्हला मिळते. कर्नलने गुपचूप ईरिझ्यूम करून (एन्क्लेव्ह पुन्हा चालू करून) ती दडपू नये यासाठी नव्या प्रोसेसरांवर एईएक्स-नोटिफाय ही सोय आहे. ट्रॅपगेट यांच्या बाजूने खरा भक्कम मुद्दा हाच आहे. आयपीआयचा खर्च त्यापुढे किरकोळ.

शून्यपान

कडीकुलूप, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण पुरा पडत नाही. २०१७ मध्ये हेही दाखवलं गेलं की फॉल्ट न आणता, पेज टेबलमधले अॅक्सेस्ड आणि डर्टी बिट (पेज वापरलं, पेजवर लिहिलं याच्या खुणा) वाचत राहिलं तरी पेजेसचा माग लागतो. पेजेस जागेवर पक्की केली तरी ते बिट तिथेच असतात. शिवाय एन्क्लेव्ह थांबला तर कर्नल तो पुन्हा सुरू करेल, दर खेपेला थोडी थोडी माहिती गोळा करेल. यावर खरा उपाय कोडमध्ये आहे: गुपितावर अवलंबून पेज बदलूच नये असं लिहायचं.

कडीकुलूप

तसं लिहिलेली क्रिप्टो लायब्ररी मिळते. तसा लिहिलेला डेटाबेस मिळत नाही, आणि लोक एन्क्लेव्हमध्ये अख्खे डेटाबेस घालताहेत. एक दार बंद होत नाही म्हणून दुसरं उघडं ठेवायचं, हे मला पटत नाही.

पाहुणायंत्र

व्हर्च्युअल मशीनच्या बाजूने थोडं. केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीच्या) पाहुण्या मशीनला दिलेली ईपीसी पेजेस होस्ट आजही परत घेत नाही. म्हणजे ट्रॅपगेट म्हणतात ते धोरण त्याच कर्नलमध्ये ५.१३ पासून चालू आहे. टीडीएक्स आणि एसईव्ही-एसएनपी या संरक्षित व्हर्च्युअल मशीनच्या तंत्रांसाठी ६.८ मध्ये आलेल्या गेस्ट_मेमएफडीतली पेजेससुद्धा स्वॅप होत नाहीत. आणि आइस लेक सर्व्हरवर एका सॉकेटला ५१२ जीबीपर्यंत ईपीसी मिळतं, तिथे ९३ एमबीच्या काळातला काटकसरीचा हिशेब कशाला? (ही वाढ फुकट आलेली नाही. जुन्या एसजीएक्समधलं, मेमरीत कोणी जुना डेटा परत घातला तर ओळखणारं ट्री त्यासाठी सोडावं लागलं. याचं मला आजही वाईट वाटतं.)

शून्यपान

गेस्ट_मेमएफडीची तुलना इथे बसत नाही. तिथलं पेज मुळात साधी रॅम आहे, पाहुण्याने सोडलं की कोणालाही देता येतं. ईपीसी हा बूटच्या वेळी कापून काढलेला वेगळा तुकडा. तो कमी पडला तर बाजूला कितीही रॅम मोकळी असली तरी उपयोग नाही. म्हणून तिथे पेजेस काढायची सोय जास्त गरजेची.

ट्रॅपगेट

मग मधला मार्ग सुचवतो. ईक्रिएटच्या आयओसीटीएलमध्ये (एन्क्लेव्ह बनवायला ड्रायव्हरला केलेल्या कॉलमध्ये) एक फ्लॅग असावा. तो लावला तर एन्क्लेव्हची पेजेस पक्की, पण सीग्रुपच्या मर्यादेत. न लावणाऱ्यांसाठी आजचीच पद्धत.

शून्यपान

वेगासाठी म्हणून मागत असाल तर माझा पाठिंबा. सुरक्षेसाठी म्हणाल तर नाही. ॲटेस्टेशनमध्ये, म्हणजे दूरच्या ग्राहकाला एन्क्लेव्हची खात्री पटवताना, एन्क्लेव्हच्या पेजेसचं मोजमाप जातं, कर्नलने कुठला फ्लॅग पाळला हे त्यात येत नाही. दूरचा ग्राहक हे तपासणार कसं?

कडीकुलूप

ग्राहकाने ते तपासायची गरज नाही. फॉल्ट दिसला की थांबणारा हँडलर एन्क्लेव्हच्या कोडमध्येच असतो, आणि तो कोड मोजमापात येतो. मला अडचण दुसरीच दिसते: मर्यादा संपलेली असताना ईऑग मागितलं, तर एन्क्लेव्हला सिगबस (मेमरी मिळाली नाही असं सांगणारा सिग्नल) द्यायचा की जागा होईपर्यंत थ्रेड थांबवून ठेवायचा? थांबवला तर पुन्हा तोच संशय, हे मुद्दाम की टंचाईमुळे. माझं मत सिगबसच्या बाजूने आहे. फ्लॅगचा मसुदा लिहिणार असाल तर हे त्यात आधी ठरवा.