लोड ६३, सीपीयू मात्र रिकामा. डीएफ अडकतं आणि किल -९ अर्धवट चालतं

पायरीदार

मंडळी, नमस्कार. डेबियन १२, ८ कोअर, ३२ जीबी रॅम. मशीनवर एनजिनएक्स, पोस्टग्रेस आणि एक पायथन ॲप चालतं. शिवाय /एमएनटी/बॅकअप वर दुसऱ्या मशीनचं एनएफएस शेअर (नेटवर्कवरून वापरायचं फोल्डर) माउंट केलेलं, म्हणजे जोडलेलं आहे. ॲपला त्याची गरज नाही, तिथे फक्त आरसिंकने (फाइल कॉपी करणारा प्रोग्राम) रोजचा बॅकअप जातो.

लोड ॲव्हरेज सकाळी १ च्या आसपास होता, आत्ता ६३ आहे. आलेख काढला तर जवळपास सरळ रेषा दिसते, दर तासाला साधारण १२ ची वाढ. तरीही टॉपमध्ये सीपीयू ९७ टक्के आयडल, डब्ल्यूए (आय/ओ ची वाट बघण्यात गेलेला वेळ) ०.१, स्वॅप शून्य. वेबसाइट नेहमीसारखी चालते आहे.

डीएफ -एच (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) टाकलं की काहीच छापत नाही, प्रॉम्प्टही परत येत नाही. प्रोसेसच्या यादीत डीएफच्या ओळीच ओळी आहेत. ज्या डीएफना किल -९ (सक्तीने मारणारा सिग्नल) दिला ते मेले, पण काही फाइंड (फाइल शोधणारी कमांड) जागचे हलत नाहीत. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' अशा ओळी आहेत, त्याही फक्त फाइंडच्या; डीएफची एकही नाही. फाइल सर्व्हरला पिंग व्यवस्थित जातं, म्हणजे नेटवर्क ठीक असावं. रीबूट करण्यावाचून काही उपाय आहे का?

---

डी_अवस्था

रीबूट थांबवा. एनएफएस लटकलेलं असताना शटडाउनही अनमाउंटपाशी बराच वेळ अडकू शकतं, आणि शेवटी पॉवर बटण दाबायची वेळ आली तर पोस्टग्रेसला विनाकारण क्रॅश रिकव्हरीतून जावं लागेल.

लिनक्समध्ये लोड म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. १९९३ पासून कर्नल त्यात दोन गोष्टी मोजतो: चालायला तयार असलेल्या प्रोसेस (आर) आणि न मोडता येणाऱ्या झोपेतल्या प्रोसेस (डी). डी अवस्थेत अडकलेली प्रत्येक प्रोसेस लोडमध्ये बरोबर १ ची भर घालते, सीपीयूला हात न लावता. तासाला १२ म्हणजे दर ५ मिनिटांना १. तुमच्या क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर ५ मिनिटांनी डीएफ चालवणारी मॉनिटरिंगची स्क्रिप्ट नक्की असणार. आधीची फेरी संपलेली नसतानाही क्रॉन नवी सुरू करतो, म्हणून आलेख इतका सरळ आहे. खऱ्या कामाचा ताण असा रेषेत चढत नाही.

खात्री करण्यासाठी:

पीएस -ईओ स्टेट,पीआयडी,पीपीआयडी,डब्ल्यूचॅन:३२,आर्ग्ज

यातल्या डी ने सुरू होणाऱ्या ओळी बघा. महत्त्वाचा रकाना डब्ल्यूचॅन, कारण प्रोसेस कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये झोपली आहे ते तिथे दिसतं. 'आरपीसी_वेट_बिट_किलेबल' असेल तर ती एनएफएस सर्व्हरच्या उत्तराची वाट बघते आहे. 'आरडब्ल्यूसेम_डाउन...' ने सुरू होणारं काही असेल तर ती दुसऱ्या प्रोसेसने धरलेल्या कुलुपामागे उभी आहे. याहून खोल जायचं तर रूट होऊन /प्रॉक/पीआयडी/स्टॅक वाचा.

किल -९ अर्धवट का चालतं तेही यातूनच कळेल. कर्नल २.६.२५ पासून एनएफएसच्या उत्तरासाठी थांबलेली प्रोसेस प्राणघातक सिग्नलने मरते, जरी पीएस तिला डी च दाखवत असला तरी. साध्या डीएफला तर कंट्रोल-सी सुद्धा पुरतं; क्रॉनमधल्या डीएफला ते दाबायला कोणी नसतं, एवढंच. तुमचे फाइंड बहुधा त्याच डिरेक्टरीच्या कुलुपासाठी रांगेत आहेत, आणि ती झोप खरोखर न मोडणारी आहे. कुलूप ज्याच्याकडे आहे (माझा अंदाज आरसिंक) तो शोधून मारा. फाइंडना किल -९ आधीच दिलेला आहे, त्यामुळे कुलूप हाती येताच ते एकेक करून मरतील.

१२० सेकंदांच्या ओळी फक्त फाइंडच्या आहेत, हाही पुरावाच. अडकलेल्या टास्कवर नजर ठेवणारी कर्नलची यंत्रणा किलेबल झोप मुद्दाम वगळते. शिवाय डीफॉल्टनुसार १० इशारे दिल्यावर ती गप्प होते. त्यामुळे नंतर डीमेसेज शांत दिसला तर सगळं सुटलं असं समजू नका.

---

सेमिकोलन

वरच्या निदानाशी सहमत. पिंगबद्दल मात्र बोलायला हवं. पिंग आयसीएमपी वापरतं आणि एनएफएस टीसीपी पोर्ट २०४९. एक चालणं म्हणजे दुसरं चालणं नव्हे. आपल्या मशीनवर हे बघा:

एसएस -टीएनओ -ए, आणि त्यातून २०४९ ची ओळ ग्रेप करा

सिन-सेंट (जोडणीची विनंती गेली, उत्तर नाही) दिसलं तर फायरवॉल पॅकेट गिळते आहे, किंवा पलीकडून उत्तरच येत नाही. एस्टॅब्लिश्ड (जोडणी झालेली) आहे, पण सेंड-क्यू (पाठवायची रांग) भरलेली आणि टायमरच्या रकान्यात रीट्रान्समिशन वाढत चाललंय, तर वाटेत पॅकेट हरवत आहेत. एस्टॅब्लिश्ड आणि दोन्ही रांगा रिकाम्या असतील तर तुमच्या बाजूचं नेटवर्क सोडा, पलीकडची एनएफएसडी (एनएफएस पुरवणारी सेवा) किंवा तिची डिस्क अडकलेली आहे.

मधल्या प्रकाराचा एक फसवा अवतार एमटीयूचा (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये). छोट्या डिरेक्टरीचं एलएस चालतं, मोठी फाइल वाचली की लटकतं. एका टोकाला ९००० चा एमटीयू, दुसरीकडे किंवा मधल्या स्विचवर १५००. तपासायला पिंग -एम डू -एस ८९७२ (९००० वजा हेडरचे २८), आणि ते अडलं तर १४७२ देऊन बघा.

तपास चालू असताना /एमएनटी/बॅकअप ला स्पर्श करणारं काहीही टाकू नका. त्या वाटेवर टॅब दाबून नाव पूर्ण करायला गेलात तरी शेल अडकेल. माउंटची यादी हवी तर फाइंडएमएनटी -टी एनएफएस,एनएफएस४ वापरा. ते /प्रॉक मधली यादी वाचतं, शेअरला हात लावत नाही. जागा बघायची तर डीएफ -एल, म्हणजे फक्त लोकल फाइलसिस्टिम.

---

पायरीदार

दोघांचेही आभार. एसएस मध्ये सिन-सेंट आहे. डब्ल्यूचॅनमध्ये डीएफ सगळे 'आरपीसी_वेट...' वर, एक आरसिंकही तिथेच, आणि चार फाइंड 'आरडब्ल्यूसेम...' वर. क्रॉनमध्ये दर ५ मिनिटांची डीएफ स्क्रिप्टही सापडली.

फाइल सर्व्हर दुसऱ्या टीमकडे आहे, त्यांना कळवलंय. तोपर्यंत यूमाउंट -एल करून मोकळं व्हावं का? आणि डब्ल्यूए शून्य का, हे अजून कळलं नाही. प्रोसेस आय/ओ साठीच थांबल्या आहेत ना?

---

डी_अवस्था

-एल नको. लेझी अनमाउंट फक्त डिरेक्टरीच्या झाडावरून माउंट उतरवतं. अडकलेल्या प्रोसेस तशाच राहतात, लोड उतरत नाही, वर फाइंडएमएनटीमध्येही ते दिसेनासं होतं, म्हणजे पुढचा तपास आंधळा. आणखी वाईट म्हणजे /एमएनटी/बॅकअप ही आता रूट डिस्कवरची साधी रिकामी डिरेक्टरी होते. रात्रीचा आरसिंक पूर्ण बॅकअप तिथे ओतेल आणि सकाळी रूट डिस्क १०० टक्के.

पलीकडची दुरुस्ती तासाभरात होणार असेल तर काहीच करू नका. माउंट हार्ड असेल (सॉफ्ट लिहिलं नसेल तर हार्डच असतं), तर सर्व्हर परत आल्यावर अडकलेल्या विनंत्या पुन्हा जातात आणि प्रोसेस जिथे थांबल्या तिथून पुढे सरकतात. फक्त ती क्रॉनची ओळ आत्ता बंद करा.

थांबणं शक्यच नसेल तर यूमाउंट -एफ. त्याने ताटकळलेल्या आरपीसी (सर्व्हरला पाठवलेल्या विनंत्या) रद्द होतात आणि प्रोसेसना आय/ओ एरर मिळतो. 'टार्गेट इज बिझी' म्हणत कमांड परत आली तरी त्या क्षणाच्या विनंत्या रद्द झालेल्या असतात. प्रोसेस बाहेर पडल्या की पुन्हा चालवा, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माउंट सुटतं. आरसिंकची त्या वेळची फाइल अर्धवट राहील, ती पुढच्या फेरीत नीट होईल.

डब्ल्यूए बद्दल: सीपीयू रिकामा असताना त्याच्यावरची एखादी प्रोसेस आय/ओ साठी थांबल्याची खूण कर्नलने केलेली असेल, तरच तो वेळ डब्ल्यूए मध्ये जातो. लोकल डिस्कची वाट बघताना ती खूण होते, एनएफएसवरच्या फाइलचं पान वाचून येण्याची वाट बघतानाही होते. पण नुसत्या आरपीसीच्या उत्तराची वाट बघताना होत नाही, आणि डीएफ नेमका तिथेच थांबलेला आहे. /प्रॉक/प्रेशर/आयओ सुद्धा त्याच खुणेवर चालतं, म्हणून तेही या वेळी स्वस्थ दिसेल. लोड प्रचंड, डब्ल्यूए शून्य, सीपीयू रिकामा, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की आधी एनएफएसकडे बोट दाखवा.

---

रिकामी_बादली

हा धागा पुढे कोणी शोधत आला तर त्याच्याकडे एनएफएस असेलच असं नाही, म्हणून लोकल डिस्कची बाजू लिहून ठेवतो.

तिथे डी असतोच, पण डब्ल्यूचॅनमध्ये 'आयओ_शेड्यूल' किंवा 'जेबीडी२_लॉग_वेट_कमिट' दिसतं आणि डब्ल्यूए चढलेला असतो. आयओस्टॅट -एक्स १ लावून ठेवा. आर/एस आणि डब्ल्यू/एस शून्याजवळ, तरीही युटिल १०० टक्के आणि रांग रिकामी होत नाही, तर डिस्क उत्तरच देत नाहीये. मग स्मार्टसीटीएल -ए मध्ये ५ (बदललेले सेक्टर), १९७ (प्रलंबित सेक्टर) आणि १९९ (सीआरसी चुका) हे आकडे बघा. १९७ वाढतोय तर डिस्क बदला. एकटा १९९ वाढत असेल तर आधी केबल. डिस्क बिचारी बहुधा निर्दोष असते.

रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडलेला संच) डेस्कटॉपसाठीच्या डिस्क वापरल्या असतील तर आणखी एक खोच. खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न त्या मिनिट-दोन मिनिटं करत राहू शकतात, आणि लिनक्स ३० सेकंदांनी कंटाळून कमांड रद्द करून लिंक रीसेट करतो (हा आकडा /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट मध्ये आहे). एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क रेडबाहेर फेकली जाते. स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० दिल्याने डिस्क ७ सेकंदांत हार मानते. ज्या डिस्कला हे जमत नाही तिच्यासाठी कर्नलचा टाइमआउट १८० करा. दोन्ही सेटिंग बंद-चालू केल्यावर टिकत नाहीत, यूडेव्हच्या नियमात घाला.

---

पायरीदार

सुटलं. फाइल सर्व्हरवर फायरवॉलचे नियम नव्याने लोड करताना २०४९ ची ओळ गळली होती. ती घातल्यावर दोन-तीन मिनिटांत सगळे डीएफ संपले, आरसिंक पुढे सरकला, चारही फाइंड गेले, आणखी कोणालाही न मारता. पण १५ मिनिटांचा लोड अजून चाळीसच्या घरात दिसतोय, काही शिल्लक आहे का?

आणि एफएसटॅबमध्ये (माउंटच्या नोंदींची फाइल) सध्या 'डीफॉल्ट्स,इंटर' एवढंच आहे. सॉफ्ट घातलं तर हे टळेल असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. घालू का?

---

सेमिकोलन

शिल्लक काही नाही. लोड ही घटत जाणारी सरासरी आहे. ६३ वरून अचानक शून्य झालं तरी १ मिनिटाचा आकडा ५ मिनिटांत १ च्या खाली येतो, १५ मिनिटांचा आकडा पाव तासाने २३ च्या आसपास असतो आणि १ पर्यंत यायला तास लागतो. पीएसमध्ये डी नाही ना, मग झालं.

इंटर काढून टाका. २.६.२५ पासून कर्नल तो पर्याय वाचून सोडून देतो, लोक अजून एकमेकांचं बघून लिहितात.

बॅकअप लिहिला जातो त्या माउंटवर सॉफ्ट घालू नका. सॉफ्टमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामला एरर मिळतो. टीसीपीवर डीफॉल्ट टाइमओ ६०० असतो, पण एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे ६० सेकंद, रीट्रान्स २. लिहिण्याचा एरर बऱ्याचदा राइटच्या वेळी येत नाही, एफसिंक किंवा क्लोजच्या वेळी येतो, आणि क्लोजचं उत्तर तपासणारे प्रोग्राम थोडे. फाइल अर्धवट आणि लॉग स्वच्छ, असा बॅकअप नसलेला बरा. फक्त वाचायचं, आरओ माउंट असेल तर सॉफ्ट खुशाल वापरा.

तुमच्यासाठी पर्यायांचा रकाना असा:

हार्ड,_नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३०,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६००

मग सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड. ऑटोमाउंटमुळे शेअर फक्त बॅकअपच्या वेळी जोडलं जाईल आणि १० मिनिटं कोणी हात लावला नाही की सुटेल. जोडलेलं असतानाच सर्व्हर गेला तर अडकणार ते अडकणारच. तेवढी खिडकी लहान होते.

क्रॉनमधला डीएफ असा करा: फ्लॉक -एन /रन/लॉक/डीएफ.लॉक टाइमआउट -के ५ १० डीएफ -एल. आधीची फेरी संपली नसेल तर फ्लॉक नवी सुरूच होऊ देत नाही. टाइमआउट १० सेकंदांनी टर्म आणि आणखी ५ सेकंदांनी किल पाठवतो.

आणि शेअर व ऑटोमाउंट दोन्ही उतरवलेले असताना खालच्या रिकाम्या डिरेक्टरीला एकदा चॅटर +आय /एमएनटी/बॅकअप (बदल न होऊ देणारी खूण) लावून ठेवा. मग माउंट नसेल तेव्हा रूटने चालणाऱ्या आरसिंकलाही तिथे फाइल बनवता येणार नाही. माउंट झाल्यावर त्या खुणेचा शेअरवर काही परिणाम होत नाही.