डाळिंबातली घरटी, फवारणीच्या आधी वाचा (शेताचा ग्रुप)

अमोल: काका, तिसऱ्या ओळीत बुलबुलाचं घरटं आहे. 3 पिल्लं, अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले. उद्या फुलकिड्याची फवारणी लावू का?

दत्ताकाका: 10-12 दिवस पुढं ढकलता आली तर बघ, तेवढ्यात उडतील. नाहीच जमलं तर ते झाड आणि आजूबाजूची ओळ सोड. बुलबुल स्वतः फळं खातो, पण पिल्लांना बरेचसे किडे-अळ्या भरवतो. औषध लागलेली अळी चोचीतून घरट्यात गेली की संपलं.

वैशालीवहिनी: पानांमुळं नीट दिसत नाही आत्या. दोन फांद्या छाटून फोटो काढू?

सुमनआत्या: अजिबात छाटू नकोस गं! आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो, ती पानंच त्यांची सावली. भर दुपारी आई पंख अर्धे पसरून, चोच उघडी ठेवून पिल्लांवर उभी राहते. तेव्हा जवळ गेलीस तर ती उडणार, आणि उघडी पिल्लं बघता बघता तापतात. शिवाय फांदी कापली की कावळ्याला घरटं आयतं दिसतं.

सकाळी 7 ते 9 बघ. 10-15 मीटरवर, बांधावरच्या बाभळीआड बस, दुर्बीण 8×42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. चोचीत किडा घेऊन आलेला पक्षी आधी शेजारच्या फांदीवर थांबतो, मग आत शिरतो. तो किडा धरून तिथंच ओरडत बसला तर आपण फार जवळ आहोत, मागं सरायचं. भरवून झालं की पिल्लू पाठ फिरवतं आणि विष्ठेची पांढरी पिशवी बाहेर येते. आई ती चोचीत धरून लांब नेऊन टाकते. हे बघायला मिळालं तर सोनंच!

अमोल: पिल्लू खाली पडलं तर? हात लावला की आई घेत नाही म्हणतात.

दत्ताकाका: घेते की. बिनपिसांचं असेल तर उचलून घरट्यात ठेव. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं असेल तर ते उडायला शिकतंय, मांजर लांब ठेव आणि जवळच्या फांदीवर बसव. चोचीत पाणी सोडायचं नाही, जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. दूध-पावही नको.

सुमनआत्या: मोकळ्या रानात टिटवीकडंही लक्ष द्या. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी बहुधा 4, ढेकळांच्या रंगाची. ट्रॅक्टरवाल्याला आधी जागा दाखवा. 28-30 दिवसांनी पिल्लं निघतात आणि त्याच दिवशी पळायला लागतात, पण आई ओरडली की जमिनीला चिकटून बसतात. चाकापुढं बघूनच गाडी हलवायची.

वैशालीवहिनी: घरट्याच्या झाडाला लाल फडकं बांधू का, गड्यांना कळायला?

दत्ताकाका: झाडाला नको. ओळीच्या टोकाला, ठिबकच्या व्हॉल्व्हजवळ बांध. आणि फवारणीच्या पंपवाल्याला आज रात्रीच फोन कर.