भांडुपला दिसलेला माशीमार: शरदातल्या दुर्मीळ पक्ष्याची नोंद कशी आणि कुठे करावी?

प्रश्न: मुलुंडकर

नमस्कार मंडळी. या आठवड्यात भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यालगत, मिठागराच्या बाजूला वाळलेल्या बाभळीच्या शेंड्यावर एक राखाडी-तपकिरी माशीमार बसलेला दिसला. तो ताठ बसत होता, हवेतला कीटक टिपून पुन्हा त्याच फांदीवर येत होता आणि बसल्यावर पंख किंचित झटकत होता. कपाळावर व छातीवर बारीक रेघा असल्याचे मला जाणवले, म्हणून हा स्पॉटेड फ्लायकॅचर असावा असे माझे मत झाले. सोबत असलेल्या एका ज्येष्ठ निरीक्षकांनी मात्र "मुंबईत तो कुठून येणार, आपला नेहमीचा एशियन ब्राऊन फ्लायकॅचरच असेल" असे म्हणून विषय संपवला. फोटो आहेत, पण पक्षी लांब होता आणि उजेड समोरून येत होता.

अशा वेळी यादीत कोणते नाव घालावे? ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने तपशील मागितल्यास नेमके काय लिहावे? जागा लगेच जाहीर करावी का, आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) वेगळे कळवावे लागते का?

उत्तर: आश्विनातला वाटसरू

आपल्या ज्येष्ठ मित्रांचा संशय योग्य आहे, कारण अशा नोंदींत दोन्ही पक्ष्यांची गल्लत नेहमी होते. परंतु "कुठून येणार" या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. युरोपपासून मध्य आशियापर्यंत घरटी करणारा हा पक्षी हिवाळा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत काढतो, आणि त्यांतले पूर्वेकडचे पक्षी शरदात वायव्य भारतावरून पुढे जातात. कच्छमध्ये सप्टेंबरात अशा वाटसरू पक्ष्यांसाठी लोक मुद्दाम जातात. परतीच्या प्रवासात ते आपल्याकडे क्वचितच दिसतात, त्यामुळे संधी असते ती पावसाळा ओसरल्यापासून साधारण दसरा-दिवाळीपर्यंतच. मुंबईतले बरेच लोक दुर्बीण बाहेर काढतात ती फ्लेमिंगो आल्यावर. तोवर ही मंडळी अरबी समुद्र ओलांडून गेलेली असतात. आपल्याकडे हा पक्षी "दुर्मीळ" ठरण्यात या सवयीचाही वाटा असावा, असे मला वाटते.

आता ओळखीकडे वळू. केवळ छातीवर विसंबू नये, कारण एशियन ब्राऊनच्या छातीवरही मळकट, अस्पष्ट छटा असते आणि उजेडाविरुद्ध तिच्याही रेघा दिसू लागतात. निर्णायक जागा म्हणजे कपाळ आणि माथा. स्पॉटेडच्या कपाळावर गडद बारीक रेघा असतात. एशियन ब्राऊनचा माथा साधा असतो. एशियन ब्राऊनचा डोळा मोठा, भोवती स्पष्ट पांढरट कडे आणि खालच्या चोचीचा बुडखा फिकट पिवळसर असतो. स्पॉटेडला असे ठळक कडे नसते, चोच काळसर असते, आणि मिटलेल्या पंखांची टोके शेपटीवर लांबपर्यंत पोचलेली दिसतात. तिसरा उमेदवार ब्राऊन-ब्रेस्टेड फ्लायकॅचर. त्याचे पाय फिकट पिवळे असतात, म्हणून फोटोत पाय दिसत असतील तर तेही पाहावेत.

तपशिलाच्या रकान्यात अनेक जण "नक्की पाहिला, फोटो आहे" एवढेच लिहितात. त्याचा उपयोग नाही. जिल्हा आणि महिना यांच्या हिशेबाने जी जात अपेक्षित नसते, तिच्यासाठी ई-बर्ड तपशील मागते, आणि ती नोंद तपासणारे लोक स्वयंसेवक असतात. त्यांनी तुमचा पक्षी पाहिलेला नाही आणि तुम्हालाही ते ओळखत नसतात. म्हणून अंतर, उजेड कोणत्या बाजूने होता, किती वेळ पाहिला, कोणत्या खुणा स्वतः पाहिल्या आणि मिळताजुळता पक्षी कोणत्या खुणेवरून बाद केला, हे चार-पाच वाक्यांत लिहावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक नोंदींत नसतो. जे दिसले नाही तेही लिहावे. "पाय पानांआड होते" या वाक्याने नोंद कमकुवत होत नाही, उलट तिच्यावरचा विश्वास वाढतो. पुस्तकातले वर्णन उतरवून काढलेले मात्र तपासणाऱ्याला लगेच कळते.

उत्तर: खाडीकाठ

वरील उत्तराशी सहमत आहे; फोटोंबाबत थोडी भर घालतो. व्हॉट्सअॅपवरून फिरलेला फोटो पुरावा म्हणून जोडू नये. त्यात बारकावे पुसले जातात आणि वेळेची माहितीही उरत नाही. कॅमेऱ्यातली मूळ प्रत जपावी, कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे का ते पाहावे, आणि फोटो चांगला नसला तरी जोडावा. तपासणाऱ्याला देखणा फोटो नको असतो. कपाळावरच्या रेघा दिसणारा एक अंधुक फोटो सुंदर पाठमोऱ्या फोटोपेक्षा कामाचा.

खाडीवर जाणाऱ्यांनी वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवावी. शिवडी किंवा ऐरोलीला पूर्ण ओहोटीत गेलात, तर पक्षी चिखलावर इतके दूर पांगलेले असतात की कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन या सारख्या दिसणाऱ्या किनारपक्ष्यांतला फरक सांगणे कठीण होते. पाणी चढू लागले की ते किनाऱ्याकडे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखल झपाट्याने बुडतो आणि पाहायला थोडाच वेळ मिळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी सावकाश चढते. मी स्वतः भांगाची सकाळ निवडतो. कर्ल्यू सँडपायपर उडाला की शेपटीच्या वरचा भाग पूर्ण पांढरा दिसतो, डनलिनच्या त्याच भागात मधोमध गडद पट्टा असतो. म्हणून थवा उडण्याच्या क्षणी दुर्बीण खाली ठेवू नये. चिखल्यांच्या (सँड प्लोव्हर) बाबतीत नेमक्या जातीची खात्री नसेल, तर ई-बर्डवर एकाहून अधिक जाती मिळून असलेला मोघम पर्याय निवडावा. त्यात कमीपणा काही नाही.

जाता जाता एक. दसऱ्याच्या सुमारास शुभदर्शन म्हणून नीलपंखाचे फोटो सर्वत्र फिरतात. याच दिवसांत युरोपीय नीलपंखही पश्चिम भारतावरून आफ्रिकेकडे जात असतो, म्हणून त्या फोटोंकडे नीट पाहावे. आपल्या नीलपंखाची छाती तपकिरी, त्यावर पांढरट रेघा. युरोपीय पक्ष्याची छाती व डोके फिकट निळे. त्याच्या पिलांच्या छातीवर मात्र तपकिरी झाक आणि रेघा असतात, तेव्हा उडतानाचा पंख पाहावा: युरोपीयची उड्डाणपिसे वरून काळी दिसतात, आपल्याकडच्या पक्ष्याच्या पंखावर गडद आणि फिकट निळे पट्टे उठून दिसतात.

उत्तर: कांदळवन

जागा जाहीर करावी की नाही, हे पक्ष्यावर अवलंबून आहे असे माझे मत आहे. माशीमार, नीलपंख किंवा खाडीवरचा एखादा दुर्मीळ तुतारी (सँडपायपर) असेल, तर त्याच दिवशी कळवावे. इतरांनी पाहून दुजोरा दिला तर नोंद भक्कम होते आणि पक्ष्याचेही काही बिघडत नाही. घुबडांच्या बाबतीत मात्र मी तसे करत नाही. शॉर्ट-इअर्ड आउल हिवाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे येते, दिवसा गवतात जमिनीवर बसते, आणि जागा फुटली की जवळून फोटो मिळावा म्हणून लोक तिला पुनःपुन्हा उठवतात. उठली की कावळे मागे लागतात. एका पाणथळ जागेत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे: घुबड उडाले, कावळ्यांनी त्याला खाली दाबले, ते दमून बांधावर टेकले आणि तेवढ्यात मोठी लेन्स घेतलेले दोघे गृहस्थ वाकून पुढे सरकू लागले. काही संवेदनशील जातींची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःच लपवते, परंतु समाजमाध्यमांवर असे कोणतेच कुंपण नाही. अशा पक्ष्याची यादी भरावी आणि ठिकाण मित्रमंडळींत फिरवू नये.

आणखी एक विनंती. भांडुप, ऐरोली आणि उरण एकाच दिवशी केले, तर तिन्हींची यादी वेगवेगळी करावी, आणि कावळे-कबुतरांसह ओळखू आलेले सर्व पक्षी लिहावेत. नुसत्या दुर्मीळ पक्ष्याची नोंद सांगते की तो आला. गेल्या वर्षीची पूर्ण यादी असली, तर याच सुमारास तेव्हा तो दिसला नव्हता हेही कळते.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. संगणकावर फोटो मोठे करून पाहिले. एका फोटोत पक्ष्याने मान वळवलेली आहे आणि कपाळावरच्या रेघा चोचीच्या बुडाशी सुरू होऊन माथ्यावर जाताना दिसतात. डोळ्याभोवती ठळक कडे नाही. पाय कोणत्याच फोटोत दिसत नाहीत, ते तसेच लिहिले. ज्येष्ठांनाही तो फोटो पाठवला. "कपाळ पाहता स्पॉटेड म्हणायला हरकत नाही" असे उत्तर आले. स्पॉटेड फ्लायकॅचर म्हणून नोंद केली आहे. आता एकच शंका उरते: वडिलांच्या जुन्या वह्यांत पवई आणि आरेच्या नोंदी आहेत, त्यांचे काय करावे?

उत्तर: आश्विनातला वाटसरू

त्या अवश्य भराव्यात. ई-बर्डवर जुन्या तारखेची यादी भरता येते. वेळ किंवा चाललेले अंतर माहीत नसेल तर अंदाज न करता ऐतिहासिक नोंद हा पर्याय निवडावा, आणि वहीतल्या पानाचा फोटो जोडावा. पूर्वीची नावे बदललेली असतात, म्हणून वहीतले मूळ नाव टिप्पणीत जसेच्या तसे ठेवावे.

बीएनएचएसचा प्रश्न राहिला होता. साध्या वाटसरू पक्ष्यासाठी वेगळे पत्र लिहिण्याची गरज नाही. राज्यासाठी पहिली ठरू शकेल अशी नोंद असेल, तर तिचे टिपण 1886 पासून निघणाऱ्या त्यांच्या जर्नलकडे किंवा अन्य पक्षीविषयक नियतकालिकाकडे पाठवावे. अभ्यासासाठी पायात क्रमांकाचे कडे घातलेला पक्षी आढळला, जिवंत वा मृत, तर कड्यावरचा क्रमांक आणि अक्षरे नीट वाचून, फोटो काढून, ठिकाण व तारखेसह त्यांना जरूर कळवावे. जखमी पक्षी घरी ठेवू नये. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.